१०×५० दुर्बीण, गरुडातला ईटा आणि लेव्हिटबाई

पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात ही दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) घेतली, सात हजारांच्या आत. चंद्र बघायला नव्हे. मला गरुड तारकासमूहातला, श्रवणाजवळचा ईटा तारा मोजायचा होता, म्हणजे त्याचं कमीजास्त होणारं तेज. साताऱ्याच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. ३.५ प्रतीवरून (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, मोठा तितका तारा मंद) ४.४ पर्यंत मंदावतो आणि ७ दिवस ४ तासांनी पुन्हा तेवढाच ठळक होतो.

दृष्टिक्षेत्र साडेसहा अंशांचं. त्यात ईटा आणि तुलनेसाठीचा शेजारचा थीटा तारा एकदम मावतात. जरा सरकवलं की तुलनेचा दुसरा तारा, आयोटा, येतो. कडेला प्रतिमा पसरते, म्हणून दोन्ही तारे मध्यापासून सारख्या अंतरावर धरायचे. फोकस किंचित मोडला की ठिपक्यांच्या चकत्या होतात, मग कोण उजळ ते चटकन कळतं. महिनाभरात १७ नोंदी झाल्या. चढ झरझर, उतार सावकाश.

हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्ड वेधशाळेत तासाला ३० सेंटवर हेच काम करत, पेरूहून आलेल्या काचेच्या प्लेटांवर. तिथे तारे म्हणजे काळे ठिपके. १९१२ साली धाकट्या मॅजेलन मेघातल्या (ही आपल्या शेजारची छोटी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) ईटासारख्याच २५ ताऱ्यांवरून त्यांनी दाखवलं, की आवर्तनकाळ, म्हणजे एकदा ठळक झाल्यापासून पुन्हा ठळक होईपर्यंतचा काळ, जितका मोठा तितका तारा तेजस्वी.

वही धरणारी शेजारची दहावीतली मुलगी म्हणाली, "आजी, पण यातून अंतर कसं निघतं?" मी तिला यवतेश्वर घाटातले दिवे दाखवले. अंधूक दिवा लांबचा की मुळातच बारीक, इथून कळत नाही. पण मेघातले तारे आपल्यापासून जवळपास सारखेच लांब, म्हणून तिथला फरक खरा. एकदा काळावरून खरं तेज कळलं की झालं: सारख्याच काळाचा तारा चौपट मंद दिसला, तर तो दुप्पट लांब.

तक्रार एकच, पण मोठी. ट्रायपॉडला लावायची क्लॅम्प जाहिरातीतल्या फोटोत होती, खोक्यात नव्हती. विक्रेत्याने दोन मेलना उत्तर दिलं नाही. हातात धरून अर्ध्या मिनिटात तारा थरथरतो, तुलना होतच नाही. वेगळी क्लॅम्प घेतली तेव्हा कुठे काम सुरू झालं. त्याचे पैसे धरूनच किंमत ठरवा.

नोंद झाली की दुर्बीण देवयानी तारकासमूहाकडे वळवते. तिथल्या दीर्घिकेत १९२३ साली खगोलशास्त्रज्ञ हबलना असाच तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे ठरलं. लेव्हिटबाई १९२१ मध्येच गेल्या होत्या. या दुर्बिणीतून ती दीर्घिका लांबट, धुरकट डागासारखी दिसते, अमावास्येच्या आसपास छान.