लांब जाळीदार सेलबॅग: गोव्यात अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

मे संपताना शिडं आत जातात आणि ऑक्टोबरात बाहेर येतात. मधल्या चार महिन्यांसाठी आम्ही या बॅगा शिवून घेतल्या. आधी निकाल सांगतो: बॅग चांगली आहे, पण ती सुकं शीड सुकं ठेवते, ओलं किंवा खारट शीड सुकवत नाही. हे ध्यानात न घेता घेतली तर पैसे वाया जातील.

बॅग तीन मीटर लांब आहे. वर ॲक्रिलिक कॅनव्हास, दोन्ही टोकांना आणि तळाला पॉलिस्टरची जाळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झिप आणि टांगायला चार पट्टे. एकीत इल्का ७ या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीचं (जुन्या भाषेत लेझरचं) ७.०६ चौरस मीटरचं शीड, दुसरीत एका छोट्या कीलबोटीची (तळाला जड पातं असलेल्या होडीची) डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाची, जिब (पुढचं तिकोनी शीड).

खरं काम बॅगेच्या आधीचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाझरू लागतं, आणि जुलैत आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मीठ राहिलेलं शीड कितीही सुकवून ठेवा, आठवड्याभरात शिवणी दमट लागतात आणि तिथेच काळे ठिपके उठतात. धुताना घाई केली की सगळ्यात जास्त मीठ राहतं ते बॅटनच्या (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) खिशांत, लफच्या (पुढच्या कडेच्या) दुमडीत आणि क्ल्यूच्या (खालच्या मागच्या कोपऱ्याच्या) जाड थरांत. बॅटन काढून प्रत्येक खिशात नळी धरा आणि आतून आलेला थेंब जिभेवर घ्या. खारट लागायचा थांबेपर्यंत धूत राहा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, तेही आधी चाखून बघावं. साबण घ्यायचाच तर सौम्य, आणि मऊ ब्रश. प्रेशर वॉशर नको, तो शिवणी उसवतो आणि कापडावरचं राळेचं फिनिश उडवतो.

वाळवायचं ते सावलीत, घराच्या समुद्राकडे पाठ असलेल्या बाजूला. दुपारी सुटणारा खारा वारा धुतलेल्या शिडावर पुन्हा मीठ बसवतो, म्हणून सकाळी लवकर धुऊन दुपारपर्यंत एकदा उलटायचं आणि संध्याकाळची दमट हवा लागायच्या आत उचलायचं. डोलकाठीवर चढवून फडफडत वाळवू नये. त्यात राळेचं फिनिश तडकतं आणि शीड लवकर मऊ पडतं. पहिल्या दिवशी कापड सुकतं. जाड कोपरे आणि दोऱ्या सुकायला दुसरा दिवस लागतो.

घडी की सुरळी? जागा असेल तर सुरळीच. इल्काचं शीड ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर हेडकडून (वरच्या टोकाकडून) फूटकडे (खालच्या कडेकडे) गुंडाळतो. शिडातून पलीकडचं दिसावं म्हणून बसवलेल्या खिडकीचं प्लास्टिक दुमडलं की आधी पांढुरकं होतं आणि मग तिथेच चिरतं, म्हणून खिडकीवर जुन्या चादरीचा तुकडा ठेवतो. नवं सुती कापड असेल तर खळ निघेपर्यंत धुऊन घ्या. खळ हे बुरशीचं खाद्य. जिब तीन मीटरमध्ये नीट बसते, पण बॅग आखूड असेल तर दोघांनी लफ आणि लीच (मागची कड) धरून, फूटला समांतर, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालाव्यात आणि त्या चटईला सैल गुंडाळावं. दर वर्षी घड्यांची जागा थोडी सरकवा. वर वजन ठेवू नका, गुडघ्याने दाबून हवा काढू नका.

आता बॅगेचा खरा कस. पीव्हीसी लावलेल्या जुन्या बॅगेत पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरायचं. इथे ते झालं नाही, कारण टोकांच्या जाळ्यांतून हवा आरपार जाते. मात्र टांगायची जागा महत्त्वाची: चिऱ्याच्या भिंतीपासून निदान वीतभर दूर, कौलांखालच्या गळतीच्या रेषेत नाही, आणि चारही पट्ट्यांवर. फक्त दोन टोकांना टांगली की मधे झोळ पडतो आणि तिथे कायमची चुणी बसते. उघडीप मिळेल त्या दिवशी झिप उघडून पंखा लावावा. बॅगेत कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा-शोषक डबे ठेवू नयेत. डबा कलंडला तर आतलं खारं पाणी थेट शिडावर. खोलीत जमिनीवर ठेवले तर हरकत नाही.

तरी जिबच्या टॅकपाशी (खालच्या पुढच्या कोपऱ्यापाशी) दोन-तीन फिकट ठिपके आलेच. पांढऱ्या डॅक्रॉनला पातळ ब्लीच चालतं: आधी कोपऱ्यावर लावून बघायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचं फुगीर शीड) सहसा नायलॉनचा असतो, त्याला आणि केव्हलारला (मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाला) ब्लीच कधीही लावू नये, धागा मरतो. लॅमिनेट (थर चिकटवून केलेल्या) शिडात बुरशी थरांच्या आत शिरली तर ती निघतच नाही. अशी शिडं या बॅगेत न ठेवता डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीतच ठेवावीत.

तक्रारी दोन. झिपचा धातूचा रनर ऑगस्टपर्यंत पांढरी भुकटी धरून अडकला. मेणबत्ती घासून सुटला, पण दातांवर जोर पडतोच. आणि जाळी झुरळांच्या पिल्लांसाठी फार मोठी आहे. उंदरांचं तर विचारूच नका, जाळी त्यांना अडवत नाही. टांगण्याच्या दोऱ्यांवर गुळगुळीत पत्र्याच्या चकत्या बसवल्यावर त्यांची वाट बंद झाली.

शिवून घेताना शिवणाऱ्याला एवढं सांगा: रनर प्लास्टिकचा, जाळी मच्छरदाणीइतकी बारीक, दोरा उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचा (सुती नको), पट्टे चाराऐवजी पाच, आणि लांबी शिडाच्या फूटच्या मापापेक्षा वीतभर जास्त.