फवारणी पंपाच्या लिथियम पॅकमध्ये माझी झालेली फसवणूक

पाठीवरच्या सोळा लिटरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी दुसऱ्याच हंगामात बसली. तिच्या जागी हलका लिथियम-आयन पॅक आपणच बसवावा असे ठरवून मी तालुक्याच्या गावातील एका दुरुस्तीच्या दुकानातून १८६५० आकाराच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सहा गोल सेलचा पॅक आणि चार्जर १,८५० रुपयांना घेतला. "सेल नवेकोरे आहेत, प्रत्येकी ३००० एमएएच, आत बीएमएस आहे, हिरवा दिवा लागेपर्यंत बिनधास्त ठेवा," असे दुकानदाराने सांगितले. बीएमएस म्हणजे सेल प्रमाणाबाहेर भरू किंवा उतरू न देणारा संरक्षक बोर्ड. कच्च्या पावतीवर ‘बॅटरी १ नग’ एवढेच लिहिलेले होते, आणि ती मी तशीच खिशात घातली.

पहिल्या दोन वेळा घाई असल्याने मी चार्जिंग अर्ध्यावरच काढले. तिसऱ्या वेळी मात्र संध्याकाळी पंप पडवीत लावून आम्ही जेवायला बसलो. थोड्या वेळाने गोडसर, उग्र वास आला आणि पाठोपाठ कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा सुस्स असा आवाज येऊ लागला. मी मेन स्विच बंद केला आणि बांबूने पंप अंगणात ढकलला, तोच एका सेलमधून हातभर ज्वाळ बाहेर पडली. लांबूनच बादल्या ओतून आम्ही पॅक थंड केला. पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या.

माझा भाचा आयटीआयमध्ये वीजतंत्री हा विषय शिकवतो. पॅक पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने तो उघडला. "मामा, बीएमएस आहे, पण ते कामाला लावलेलंच नाही," असे म्हणून त्याने मला वायर दाखवली. पंपाकडे आणि चार्जरकडे जाणारी काळी वायर बोर्डाच्या ‘पी वजा’ या बाहेरच्या, संरक्षणातून आलेल्या टोकावरून निघायला हवी. इथे ती थेट ‘बी वजा’वर, म्हणजे सेलच्याच ऋण टोकावर डाखलेली होती. मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते आणि स्वस्त बोर्ड त्या झटक्याने बंद पडतो. ती कटकट टाळण्यासाठी संरक्षणालाच बगल दिली असावी, असे त्याचे मत पडले. बोर्ड डोळ्यांना दिसत होता, म्हणून ‘आत बीएमएस आहे’ हे म्हणणे खोटेही ठरत नव्हते, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच आली.

चार्जरवर १२.६ व्होल्टचे स्टिकर होते. मल्टीमीटरने १४.४ दाखवले. स्टिकर नखाने सोलल्यावर खाली लेड-ॲसिड बॅटरीचा मूळ छाप निघाला. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन जोड्यांना १२.६ पुरेसे असतात. १४.४ व्होल्ट सारखे वाटले गेले तरी प्रत्येक सेलवर ४.८ येतात, आणि सेल कमीजास्त जुने असतील तर सर्वांत कमकुवत सेल त्याहूनही वर जातो. त्या अवस्थेत आतले रसायन विघटित होऊन वायू व उष्णता निर्माण होते आणि पुढे ती प्रक्रिया कोणाच्या हातात राहत नाही.

सेलही नवे नव्हते. निळ्या आवरणाखाली आधीच्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके घासून काढल्याच्या खुणा होत्या. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो; न जळलेल्यांपैकी एक सोनाराच्या काट्यावर ३८ ग्रॅम भरला.

दुकानदाराने "चार्जर तुम्हीच बदलला" असे म्हणून हात वर केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, पण कच्च्या पावतीमुळे हाच पॅक तिथून घेतला हे दाखवणे अवघड जात आहे. म्हणून पॅक घेणाऱ्यांनी सेलची क्षमता, बीएमएस आणि चार्जरचे व्होल्ट पक्क्या बिलावर लिहून घ्यावेत, चार्जर दुकानातच मल्टीमीटरवर मोजून घ्यावा, आणि आवरण चढण्यापूर्वी काळी वायर कोणत्या टोकावर जाते ते स्वतः पाहावे. दुकानदार उघडून दाखवायला तयार नसेल तर पॅक तिथेच ठेवून यावे. माझ्याकडचे उरलेले सेल सध्या घरापासून दूर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात आहेत. ते ई-कचरा संकलनाकडेच द्यायचे आहेत.