यकृताचा कॅन्सर: गाठीत सुई की जिभेवर चमचा?

यकृताच्या कॅन्सरचा रुग्ण घेऊन मिरजेला निघाला असाल, तर रेडिओलहरींचे हे दोन उपचार एकच समजू नका.

रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनमध्ये सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई थेट गाठीत घालतात. प्रवाहाने सुईभोवतीच्या पेशी ६० ते १०० अंशांपर्यंत तापून मरतात. गाठ ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर निकाल चांगला मिळतो. शेजारी मोठी रक्तवाहिनी असली, तर मात्र वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेच्या पेशी वाचतात. गाठ नेमकी कुठे आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

दुसरा उपचार थेराबायोनिक पी-१ या यंत्राचा. त्यात चमच्यासारखी अँटेना जिभेवर ठेवतात. लहरी २७.१२ मेगाहर्ट्झच्या, अगदी मंद. दिवसातून तीनदा तासभर, घरीच. इथे काहीच भाजत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२३ मध्ये या यंत्राला परिणामकारकतेच्या पूर्ण पुराव्याची अट शिथिल करून परवानगी दिली, तीही आधीची औषधं चालेनाशी झालेल्या, आजार पुढे गेलेल्या रुग्णांसाठी.

गाठ लहान असताना चमच्याच्या आशेवर सुई पुढे ढकलणं मला फार धोक्याचं वाटतं. घरात कुणाला सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होऊन कॅन्सरचा धोका वाढवणारा आजार असेल, तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी कराच. गाठ सुईच्या आवाक्यात असतानाच सापडू शकते.