अवयवदानाची ऑनलाइन नोंदणी: फॉर्म पाच मिनिटांचा, खरं काम घरच्या फोनचं

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेचं, म्हणजे नोट्टोचं, आधारवर चालणारं नोंदणी पोर्टल २०२३ पासून सुरू आहे. कॉलेजात शिबिर लावायचं असो किंवा एकट्यानं नाव नोंदवायचं असो, आमच्या मते आता हेच वापरावं. तारे द्यायचेच तर पाचपैकी चार.

आधार नंबर टाकला की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग स्वतःची माहिती, रक्तगट, अडीअडचणीला कोणाला कळवायचं त्याचा नंबर, आणि कोणते अवयव, कोणत्या ऊती (त्वचा, हाडं यांसारखे भाग) द्यायच्या त्यांवर खुणा. सगळंच द्यायला हवं असं नाही. मूत्रपिंडं चालतील पण डोळे नकोत, असंही चालतं. शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. फी नाही. वय मात्र १८ पूर्ण हवं. प्रथम वर्षाच्या वर्गात शिबिर घेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं, नाहीतर रांगेतली बरीच मुलं सतरा वर्षांची निघतात. रक्तगटही रिपोर्ट बघून भरा. ‘बहुतेक बी पॉझिटिव्ह असावा’ हा काही रक्तगट नव्हे.

गाडी अडते ती ओटीपीवर. हॉस्टेलवरच्या कितीतरी मुलांच्या आधारला अजून वडिलांचा नंबर असतो. इकडे स्क्रीनवर ओटीपीची मुदत संपत चाललेली, तिकडे गावी बाबांच्या फोनवर मेसेज, आणि ‘कसला ओटीपी? कुणाला देऊ नकोस!’ हा ठरलेला संवाद. एक तारा कापला तो याच्यासाठी. पण खरं सांगायचं तर ही अडचण कामाची आहे. तो फोन तसाही करायचाच असतो.

कारण प्रतिज्ञा नोंदवलेली असली तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा हॉस्पिटल विचारतं नातेवाइकांना. समजा, अपघातात डोक्याला मार लागून माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. चार डॉक्टरांचं मंडळ मेंदूमृत्यूच्या, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलं का हे बघण्याच्या, चाचण्या दोनदा करतं, मध्ये किमान ६ तासांचं अंतर ठेवून. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. त्यानंतर हॉस्पिटलचा प्रत्यारोपण समन्वयक घरच्यांपुढे नमुना ८, म्हणजे नातेवाइकांच्या संमतीचा फॉर्म, ठेवतो. छाती अजून वरखाली होत असते, हात ऊबदार असतो, आणि त्या अवस्थेत आईला सही करायची असते. मुलानं किंवा मुलीनं आधी एकदा स्पष्ट सांगितलेलं असेल, तर तिला निदान अंदाज बांधत बसावं लागत नाही. फाइलमध्ये पडलेलं प्रमाणपत्र हे काम करत नाही.

म्हणून संपर्काच्या रकान्यात रूममेटचं नाव टाकू नका. तो रात्रभर आयसीयूबाहेर बसेल, पण सही त्याची चालणार नाही. कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे जोडीदार, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. काका-मामा त्यात येत नाहीत.

आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर नोंदणीचा कागदी फॉर्म, नमुना ७, भरता येतो. शिबिरात इथेही घोळ होतो: दोन मित्र एकमेकांचे साक्षीदार होऊन मोकळे होतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याला दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक. तेव्हा फॉर्म घरी न्यायला द्या आणि सहीसह परत मागवा. संध्याकाळी फोटोत दिसणारा गठ्ठा लहान होईल, होऊ दे.

देहदान या पोर्टलवर होत नाही. ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे वेगळं नोंदवायचं. अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत; नेत्रदानाचा अपवाद असतो. टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाला एवढा फरक सांगता आलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट शिबिरात सांगायची राहते. हृदय, यकृत यांसारखे अवयव मिळतात ते मुख्यतः आयसीयूत मेंदूमृत झालेल्यांकडून; घरी मृत्यू झाला तर ते उपयोगी पडत नाहीत. डोळे मात्र घरूनही देता येतात. ६ तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक पोहोचायला हवं. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा असणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असणं आड येत नाही.

खर्चाची शंका घरून हमखास येते. संमतीनंतर दात्याला सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च नियमानुसार दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. अपघाताची पोलीस केस असली तरी दान होऊ शकतं. शवविच्छेदनाचा मेळ हॉस्पिटल आणि पोलीस घालतात.

विचार बदलला तर नोंदणी रद्द करायची सोयही आहे. पण घरी ‘हो’ सांगून ठेवलं असेल, तर ‘नाही’ही घरीच कळवा. पोर्टलवरून नाव काढलं, हे आईला कळायला दुसरा मार्ग नाही.