रणगाड्यांच्या वेदरिंगसाठी तैलरंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॉडेलला वापरलेलं, मळलेलं रूप देणं म्हणजे वेदरिंग. त्यासाठी तयार वॉशच्या (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाच्या) बाटल्या घ्याव्यात की चित्रकारांचे साधे तैलरंग, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. गेले काही महिने १/३५ मापाच्या रणगाड्यांच्या मॉडेलांवर दोन्ही आलटून पालटून वापरले. बहुतेक बाटल्या खणात गेल्या. हाताशी राहिल्या त्या बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बफ (फिकट पिवळसर) आणि पांढऱ्याच्या ट्यूबा.

कारण एकच, उसंत मिळते. अॅक्रिलिक बघता बघता सुकतो. तैलरंग तासाभरानेही पुसता येतो, पसरवता येतो, फिका करता येतो. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग सुकल्यावर चमकत नाही. मग बोल्टखाली सुईच्या टोकाएवढं टिंब द्यायचं आणि थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसलेला चपटा ब्रश वरून खाली ओढायचा. पहिल्या फटकाऱ्याला रेघ भडक दिसते. दोन-तीन हात फिरले की पावसाने वाहून आलेल्या मळीसारखी विरत जाते. ही विरण्याची जागा आपल्या हातात असते, आणि सगळी मजा तिथेच आहे.

तक्रारीही आहेत. जाड थर कित्येक दिवस ओला राहतो. ‘गंधहीन’ थिनर वासाला कमी असला तरी वाफ सोडतोच, खिडकी उघडी हवी. उघड्या प्लास्टिकवर तो सांध्यांत झिरपला तर ताणाखालचे भाग तडकू शकतात, म्हणून खाली वॉर्निश पाहिजेच. पिन वॉशसाठी (फक्त खाचांत आणि बोल्टभोवती पातळ रंग सोडण्यासाठी) ते ग्लॉस, म्हणजे चकचकीत असावं: रंग खाचेतून आपोआप धावतो. मॅटवर नुसता डाग पसरतो.

खरवडे, म्हणजे रंग उडाल्याच्या खुणा, मात्र तैलरंगाचं काम नाही. त्याला स्पंजचा तुकडा आणि गडद तपकिरी अॅक्रिलिक. इथे हात आवरावा. १/३५ मध्ये १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. तसे शेकड्याने दिले की गाडी लढाईतून नाही, भंगारातून आल्यासारखी वाटते. जर्मन गाड्यांना फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा हा मूळ रंग आला, त्याखाली लालसर प्रायमर असे. त्यामुळे उथळ ओरखड्यात तो लालसरपणा डोकावला तर शोभतो. नारिंगी गंज एक्झॉस्टवर ठीक, चिलखतभर नको. आणि अॅल्युमिनियमच्या विमानावर गंज काढणाऱ्यांना तर दंडवतच! रणगाड्याच्या चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग पॉलिश झालेला असतो. तिथे साधी ग्राफाइट पेन्सिल कुठल्याही महागड्या धातुरंगाला भारी पडते.

धुळीसाठी पिगमेंट पावडरच बरी. कोरडी असताना सुरेख दिसते, पण फिक्सर (पावडर चिकटवून ठेवणारा द्रव) पडला की गडद होते, आणि वर मॅट वॉर्निश फवारलं तर निम्मी धूळ गायब. मी ती सगळ्यात शेवटी चाकांवर आणि मडगार्डवर लावतो, पुढे मॉडेल तळाच्या पाटीला धरूनच उचलतो.

तयार बाटल्यांपैकी चिखलाच्या शिंतोड्यांची एक अजून वापरात आहे, तसा दाटपणा घरी मला जमत नाही. स्पर्धेची तारीख डोक्यावर असेल तर मात्र ट्यूबांच्या नादी लागू नका, सरळ बाटल्या घ्या.