ट्रिगरचं झाकण: ऑफ-कॅमेरा फ्लॅशचे अकरा महिने

जूनमध्ये सोलापुरात होटगी रोडवरच्या एका लॉनवर साखरपुड्याचे फोटो काढत होतो. नवरी उभी, सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) तिच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर, मागे मावळतीचं आभाळ. पहिला आडवा फोटो झकास आला. कॅमेरा उभा धरून दुसरा घेतला, फ्लॅश गप्प. तिसरा, गप्प. सेल संपले असतील म्हणून ट्रिगरचं, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला रेडिओने इशारा देणाऱ्या डबीचं, झाकण सरकवायला गेलो तर ते हातातच आलं आणि दोन्ही सेल गवतात पडले. झाकणाला आतून एक खाच असते, ती धरून ठेवणारी दोन मिलिमीटरची प्लास्टिकची जीभ तुटली होती. बाकीचा साखरपुडा मी ट्रिगरला रबरबँड गुंडाळून काढला.

हा सेट मी मागच्या दसऱ्याला घेतला. लिथियम बॅटरीचा गोल डोक्याचा फ्लॅश, 2.4 गिगाहर्ट्झचा ट्रिगर आणि 60 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, सगळे मिळून तेवीस हजार. सहा महिन्यांच्या कामातून बाजूला काढलेले पैसे होते, म्हणून प्रत्येक गोष्ट तपासून घेतली होती. तपासलं नाही ते फक्त झाकण. दुकानात कोण झाकण उघडून बघतं?

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप चांगलं आहे.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला नेला की माणसाच्या चेहऱ्याला नाक, गाल, कपाळ मिळतं. हे वाचून मला माहीत होतं, पण पटलं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. टॉवेलचे यंत्रमाग, वर हिरवट ट्यूबलाईट, हवेत सुताचं तूस. तिथल्या एका वयस्कर विणकर मामांचा फोटो त्यांच्या मुलीला घरात लावायला हवा होता. मामा चाळीस वर्षं मागावर. ट्यूबलाईटमध्ये त्यांचा चेहरा आजारी दिसत होता. सॉफ्टबॉक्स मागाच्या पलीकडे वर धरला, फ्लॅश एक अष्टमांश ताकदीवर, शटर 1/200 सेकंदावर नेऊन ट्यूबचा उजेड जवळजवळ घालवला. चष्म्याच्या काडीला चिकटलेलं तूससुद्धा दिसलं आणि कपाळावरच्या रेषा अशा उठल्या की मुलगी स्क्रीनवर बघतच राहिली. एक गोष्ट तिथे कळली. फ्लॅश तयार झाला की वाजणारी बारीक शिट्टी मागांच्या आवाजात ऐकूच येत नाही. फ्लॅशच्या पाठीवरचा लाल दिवा बघूनच बटण दाबायचं, नाहीतर अर्धवट चार्जवर फोटो काळवंडतो.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी, मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या म्हणजे नंदीध्वजाच्या संध्याकाळच्या सरावाला गेलो. पांढरी बाराबंदी घातलेल्या एका मानकऱ्यांचा फोटो काढायचा होता. टीटीएलवर ठेवलं, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याला ठरवू दिली, तर मीटरला पांढरं खूप दिसतं आणि बाराबंदी राखाडी येते. तीन फोटोंनंतर टीटीएल बंद केलं, ताकद हाताने ठरवली, मॅन्युअल एक षोडशांश. रस्त्यावरचा उजेड पिवळा होता, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे पारदर्शक रंगीत पट्टी (अर्धी सीटीओ) लावली आणि चेहरा आणि मागची गर्दी एका रंगात आली. तेव्हापासून मी टीटीएल फारसं वापरत नाही. एकदा अंतर ठरलं की मॅन्युअलमध्ये शंभर फोटो एकसारखे येतात, लग्नात त्याची किंमत मोठी आहे.

उन्हाबद्दल. आपल्याकडे मेमध्ये पारा 42च्या वर जातो आणि सकाळी दहालाच ऊन भिंतीसारखं उभं राहतं. एफ/4 आणि आयएसओ 100 वर शटर 1/1600 ला जातं, म्हणजे हायस्पीड सिंक (एवढ्या वेगवान शटरशी फ्लॅश जुळवायची सोय) लावावा लागतो. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅशचा जोर दोन स्टॉपहून जास्त घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), वर तो तापतो. भुईकोट किल्ल्याच्या भिंतीजवळ एका जोडप्याचे फोटो काढताना पूर्ण ताकदीवर पंचवीस-तीस फोटोंनंतर पडद्यावर तापल्याची खूण आली आणि तो हळू झाला. मी फ्लॅशला दोष दिला, पण चूक माझी होती. सॉफ्टबॉक्स दोन मीटरवर होता. तो एक मीटरवर आणला की उजेड चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप फुकटात. आता लेन्सवर एनडी 8, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच लावतो. तीन स्टॉप खाऊन शटर 1/200 वर येतं आणि हायस्पीड सिंकची गरजच पडत नाही. फ्लॅशवर सावलीला आपला सोलापुरी टॉवेल टाकतो. कोरडा, आणि वाऱ्याची वाट न अडवता. या दोन गोष्टींनंतर पूर्ण मे महिन्यात तो एकदाही थांबला नाही. त्यामुळे तापण्याबद्दल मी सुरुवातीला मित्रांना जे वाईट सांगितलं होतं ते मागे घेतो.

स्टँडबद्दल थोडकंच. हिप्परग्याच्या तलावावरच्या वाऱ्यात फ्लॅशला छत्री लावलीत तर ती शीड होते. माझा स्टँड एकदा आडवा झाला, फ्लॅश गवतावर पडला म्हणून वाचला. आईने जुन्या चादरीची जाड पिशवी शिवून दिली, तिच्यात चार किलो वाळू. ती स्टँडच्या पायाला असल्याशिवाय मी फ्लॅश चालू करत नाही.

आता झाकण.

डिसेंबरपासून अधूनमधून फ्लॅश उडत नव्हता. वीसात एक, कधी वीसात चार. मी कारणं शोधत राहिलो. आधी वाटलं लग्नाच्या हॉलमधलं वायफाय, कारण बरंचसं वायफायही 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं. चॅनल बदलले, आयडी बदलला. मग कळलं की फ्लॅश फार जवळ असेल तर काही ट्रिगरना सिग्नल नीट जात नाही आणि त्यासाठी मेन्यूत 0 ते 30 मीटरचा पर्याय असतो. तो लावला. थोडं बरं वाटलं, की मला तसं वाटलं. ट्रिगर कॅमेऱ्यावर बसतो तिथली पिन खोडरबराने घासली. एक दिवस रागाने घरी सांगून टाकलं की हे रेडिओ प्रकरणच भरवशाचं नाही, केबल लावलेली बरी.

लॉनवरून परत आल्यावर रात्री आतेभाऊ फोटो निवडत होता. उजेड धरायला तोच असतो. मला हाक मारून म्हणाला, "दादा, काळे यायलेत ते सगळे उभेच फोटो आहेत की."

मी उठून बसलो. डिसेंबरपासूनचे फोल्डर उघडले. नंदीध्वजाचे, कारखान्यातले, किल्ल्यावरचे, सगळे पाहिले. ज्यात फ्लॅश उडला नव्हता त्यात जवळजवळ प्रत्येक फोटो कॅमेरा उभा धरून घेतलेला. कॅमेरा उभा केला की सेलांचं वजन आणि आतल्या स्प्रिंगचा दाब दोन्ही त्या झाकणावर येत. जीभ आधीच चिरली असणार. झाकण केसभर उचललं जायचं, सेल क्षणभर सुटायचा, ट्रिगर बंद होऊन परत चालू व्हायचा. पडदा बंद होऊन पुन्हा उजळतो तेवढ्या वेळात मी बटण दाबलेलं असायचं. चेहऱ्याचे फोटो तर उभेच काढतो आपण. या एका प्लास्टिकच्या जिभेने सहा महिने माझ्या नेमक्या कामाच्या फोटोंवर घाला घातला. रेडिओचा काहीच दोष नव्हता, तो शंभर फुटांवरूनही चोख चालतो.

वॉरंटी एक वर्षाची. नऊ महिनेच झाले होते. दुकानदार म्हणाले, "सर, प्लास्टिक तुटणं वॉरंटीत येत नाही, तरी पाठवून बघू." ट्रिगर पुण्याला गेला, कुरिअरचे दोनशे चाळीस माझे. बावीस दिवसांनी तसाच परत आला, सोबत चिठ्ठी: ग्राहकाच्या हाताळणीमुळे तुटलेला भाग. फोन केला. झाकण सुटं मिळत नाही, नवा ट्रिगर घ्या, पाच हजार दोनशे. मी विचारलं, रिमोटचं झाकण हरवलं तर तुम्ही नवा टीव्ही घेता का? समोरची मुलगी शांतपणे म्हणाली की तक्रार पुढे पाठवते. दोन महिने झाले, पुढून काही आलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. राग त्याच्यावर आहे ज्याने तेवीस हजारांच्या सेटमधल्या सगळ्यात जास्त वेळा उघडल्या जाणाऱ्या भागाला दोन मिलिमीटर प्लास्टिक दिलं आणि तो भाग सुटा विकायचा नाही असं ठरवलं. दोन रुपयांची वस्तू आहे ती.

नवा ट्रिगर घेतला नाही, घेणारही नाही. नवी पेठेत बॅगांची चेन बसवणाऱ्या एका काकांनी वेल्क्रोचा पट्टा ट्रिगरभोवती मापाने शिवून दिला, तीस रुपये. आत झाकणाखाली पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा घातला, म्हणजे सेल हलत नाहीत. जुलैपासून साधारण अकराशे उभे फोटो काढले, एकही काळा नाही.

घ्यायचा का म्हणाल तर फ्लॅश डोळे झाकून घ्या. ट्रिगर घेताना दुकानातच झाकण पाच वेळा उघडून लावा, सेल घालून कॅमेरा उभा धरा आणि हलवून बघा. दुकानदार कंटाळले तरी चालेल. आणि कोणाकडे याच प्रकारचा, दोन पेन्सिल सेलवाला बंद पडलेला ट्रिगर असेल तर त्याचं झाकण फेकू नका. कुरिअरचा खर्च मी देतो.