उद्याच्या उबेची बेगमी: लीड्सच्या फ्लॅटमधले स्टोरेज हीटर

स्टोरेज हीटर म्हणजे रात्रीच्या स्वस्त विजेने ऊब साठवून ती दिवसा सोडणारी भिंतीवरची पेटी. आधी निकाल सांगते. घरात दिवसभर कोणी ना कोणी असेल, तर जुन्या पद्धतीचा, दोन बटणांचा स्टोरेज हीटर चांगला आहे. सकाळी आठला कुलूप लावून संध्याकाळी सातला परतणाऱ्यांसाठी तो बेताचाच. नव्या पद्धतीचा, आत पंखा असलेला आणि किती भरायचं ते स्वतः ठरवणारा, दोन्ही घरांना चालतो. फक्त घरमालकाची तो बसवायची तयारी हवी. खर्चात दोन्ही गॅसच्या बॉयलरपेक्षा महागच पडतात, पण ज्या इमारतीत गॅसची लाइनच नाही तिथे ती तुलना करून काही हाती लागत नाही.

आम्ही लीड्समध्ये एअर नदीजवळच्या एका इमारतीत भाड्याने राहतो. गॅस नाही, सगळं विजेवर. माझी हॉस्पिटलमधली नोकरी शिफ्टची, नवरा बरेच दिवस घरून काम करतो, आणि गेल्या हिवाळ्यात आई कराडहून येऊन राहिली होती. म्हणजे घर दिवसा रिकामं असं नव्हतंच. हॉलमधला जुना हीटर घरमालकाने बदलून नवा दिला, बेडरूममध्ये जुनाच आहे. त्यामुळे दोन्ही तऱ्हा मी रोज हाताळते.

हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. भारतातून नव्याने आलेली मुलंमुली अशा फ्लॅटमध्ये राहायला लागतात. संध्याकाळी हीटरला हात लावतात, तो कोमट लागतो, मग तो बिघडला असं धरून दुकानातून प्लगचा छोटा हीटर आणतात आणि सगळा हिवाळा दिवसाच्या दराने वीज जाळतात. वर थंडीतही बसतात. बिल आलं की धाबं दणाणतं. मला हे बघवत नाही, कारण भिंतीवरचं ते यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. ते कसं वापरायचं एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

या पेटीच्या आत लोहखनिजापासून केलेल्या जड विटा रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये तापणारी कॉइल. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा कॉइल विटा तापवते, आतलं तापमान काही शे अंशांवर जातं, आणि भोवतीचं जाड इन्सुलेशन ती उष्णता दिवसभर धरून ठेवायचा प्रयत्न करतं. 'प्रयत्न' म्हटलं ते मुद्दाम. जुन्या हीटरमधून ऊब सोडणारी झडप बंद असली तरी पत्र्यातून ऊब झिरपत राहते. घरात माणूस असेल तर ती वाया जात नाही. नसेल तर रिकामं घर तापतं आणि संध्याकाळी आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. बेताचा म्हटलं ते एवढ्यासाठीच.

रात्रीच्या या स्वस्त विजेच्या दराचं नाव इकॉनॉमी 7. ब्रिटनमध्ये तो 1978 साली आला. कोळशावरची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री सहज बंद करता येत नाहीत आणि लोक झोपले की मागणी पडते. ती रात्रीची वीज खपावी म्हणून सात तास स्वस्त. (आपल्याकडे महाराष्ट्रात चित्र उलटं आहे. 1 जुलै 2025 पासून टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळते ती सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत, कारण सौर वीज तेव्हा मुबलक असते.) इथे ते सात तास नेमके कुठले, हे भागावर आणि मीटरवर अवलंबून असतं. आमच्याकडे रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात, पण अनेक मीटर पुढे जात नाहीत, मग तेच तास दीड ते साडेआठ होतात. पुरवठादाराला फोन करून आपली वेळ विचारून घ्या. शेजाऱ्याची वेळ आपली असेलच असं नाही.

आमच्या बिलावर रात्रीचा दर 15 पेन्सच्या आसपास आणि दिवसाचा 31च्या आसपास आहे. हॉलमधला जुना हीटर 2.55 किलोवॉटचा होता. सात तास पूर्ण भरला तर 17.85 युनिट, म्हणजे रात्रीच्या दराने 2 पौंड 68 पेन्स. तेवढीच ऊब प्लगच्या हीटरने दिवसा घेतली तर साडेपाच पौंडांच्या वर जाते. पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. इकॉनॉमी 7 मध्ये दिवसाचा युनिट साध्या एकेरी दरापेक्षा महाग असतो. घरातली जेमतेम पाव वीज रात्री जात असेल तर हा दर घेण्यात तोटा आहे. साधारण 40 टक्के तरी रात्री गेली पाहिजे, असं इथे धरतात. शिवाय ऑफजेमची, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाची, दरमर्यादा असली तरी दिवस आणि रात्र यांत दर कसा वाटायचा हे पुरवठादार ठरवतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या रात्रीच्या दरात चांगलाच फरक असू शकतो. फक्त रात्रीचा आकडा बघून भुलू नका, दोन्ही बघा.

फ्लॅटमध्ये शिरलात की पहिल्या दिवशी एक काम करा. मीटरवर दोन आकडे असतात, आणि 'रेट 1' म्हणजे रात्रच असं काही ठरलेलं नाही. भर दुपारी किटली लावा आणि कुठला आकडा हलतो ते पाहा. तो दिवसाचा. आता बिलावर तोच आकडा दिवसाच्या दराने लावलाय का ते ताडून बघा. ओळखीतल्या एका कुटुंबाचे दोन्ही आकडे कित्येक महिने उलटे लागत होते. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण तोवर त्यांनी हीटर महाग पडतो म्हणून बंदच ठेवला होता आणि घरात लहान मूल होतं.

आता बटणं. सगळी गोम यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या हीटरच्या वर, झाकणाखाली दोन गोल बटणं असतात: इनपुट आणि आउटपुट. इनपुट म्हणजे आज रात्री किती भरायचं. आउटपुट म्हणजे भरलेलं आत्ता किती सोडायचं. थंडी वाजली की लोक इनपुट पिळतात. त्याने आत्ता काहीही होत नाही. उद्याचा हीटर जास्त भरतो, एवढंच. इनपुटचा विचार झोपण्यापूर्वी करायचा, तोही उद्याच्या हवामानाचा. ऑक्टोबरात मी 2 वर ठेवते, जानेवारीत दव गोठायला लागलं की 5, आणि सलग बर्फ असेल तर पूर्ण. उद्या ऊन आहे आणि 12 अंश आहे असं दिसलं तर रात्रीच खाली आणते, कारण एकदा भरलेलं परत करता येत नाही. पावसाळ्याआधी आपल्याकडे घरोघरी बेगमी करतात, तसंच हे रोज रात्री करायचं.

आउटपुट झोपताना पूर्ण बंद. नियम एकच सांगायचा असेल तर हाच सांगेन. ते उघडं राहिलं तर रात्री विटा एकीकडे तापतात आणि दुसरीकडे ऊब सोडत राहतात, वीज जास्त जाते, आणि पहाटे खोली भट्टी झालेली असते. सकाळी बंदच राहू द्या, झिरपणारी ऊब पुरते. दुपारी चारनंतर हळूहळू उघडा. आईला ही गोष्ट दोन दिवसांत अंगवळणी पडली. ती चहाचं आधण ठेवायच्या आधी आउटपुट 3 वर करायची आणि रात्री दूध घेताना बंद करायची. मी शिफ्टवरून उशिरा आले की फोन न बघता विचारायची, "अगं, उद्या किती गार आहे? चारवर ठेवू का पाचवर?"

बेडरूमचा हिशेब वेगळा. तिथे ऊब लागते ती रात्री, आणि रात्री तर हीटर भरत असतो. म्हणून तिथे इनपुट कमीच ठेवते. झिरपणाऱ्या उबेवर आणि रजईवर निभावतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पहिल्यांदा भिंतीवरचा स्विच लावाल तेव्हा जळक्या धुळीचा वास येईल. आदल्या दिवशी जाळी ब्रशने झाडून घ्या आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, वास जातो. रात्री साडेबाराला मीटरच्या कपाटात 'खट्' असा आवाज होतो, मग तापणाऱ्या पत्र्याची बारीक टकटक सुरू होते. ती बिघाडाची खूण नव्हे. पूर्ण गार झालेल्या विटांना रंगात यायला एखाद-दुसरी रात्र जास्त लागते, म्हणून थंडी पडण्याआधीच सुरू करा. वर कपडे वाळत घालू नका. इथल्या ओलसर हवेत मोह होतो, पण जाळी झाकली गेली की आतली सुरक्षा-कळ पडते आणि हीटर बंद होतो. आगीचा धोका तो वेगळाच. कपड्यांचा स्टँड चार हात लांब ठेवला तरी खोलीतली सततची ऊब कपडे वाळवते. भिंतींना बुरशी धरत नाही, हा या हीटरचा फायदा मला बिलाइतकाच मोलाचा वाटतो.

हॉलमधला नवा हीटर डिंप्लेक्स कंपनीचा क्वांटम आहे. 1 जानेवारी 2018 पासून युरोपात आणि ब्रिटनमध्ये नव्या हीटरना कार्यक्षमतेचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे आता दुकानात मिळतात ते सगळे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचेच. क्वांटमचं इन्सुलेशन जास्त चांगलं आहे. दुपारी पत्र्याला हात लावला तर जुन्याइतका गरम लागत नाही, म्हणजे ऊब आत राहिलेली असते. ती पंख्याने बाहेर येते, हवी तेव्हा. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते दहा 21 अंश असं लावून ठेवलं की काम झालं. मागच्या दिवसांचा वापर आणि खोलीचं तापमान बघून रात्री किती भरायचं ते तो स्वतः ठरवतो. माझं रोजचं हवामान बघणं हॉलपुरतं संपलं. जुन्या हीटरच्या तुलनेत 27 टक्क्यांपर्यंत बचत असा कंपनीचा दावा आहे. आमच्या हॉलचे युनिट ठळकपणे उतरलेत आणि रात्री नवाला खोली खरोखर उबदार असते. शिफ्टवरून दमून आल्यावर मला तेच हवं असतं.

त्याला दोन वीजजोडण्या लागतात: रात्रीची स्वस्त, भरण्यासाठी, आणि चोवीस तासांची, पंख्यासाठी आणि नियंत्रणासाठी. म्हणून नुसता हीटर घेऊन भागत नाही, इलेक्ट्रिशियन लागतो. घरमालकाशी बोलताना हे माहीत असलेलं बरं. 'बूस्ट'चं बटण मात्र जपून वापरा. ते दिवसाच्या दराने चालतं, आणि घाईत दाबायची सवय लागली तर बचतीवर पाणी पडतं.

गरम पाण्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. अशा फ्लॅटमधल्या टाकीत दोन कॉइल असतात. खालची रात्री संपूर्ण टाकी तापवते, वरची दिवसा थोडंसं पाणी चटकन तापवायला. खालची लावून ठेवा, वरचीचा स्विच बंद. तापमान 60 अंशांवरून खाली आणू नका, लीजिओनेला जंतूंचा धोका असतो. वीज स्वस्त आहे म्हणून वॉशिंग मशीन रात्रभर लावून झोपू नका, इथलं अग्निशमन दलही तसं सांगतं. मी पावणेसहाला उठले की लावते, साडेसातच्या आत धुणं होतं.

जुन्या मीटरबद्दल एक महत्त्वाचं. काही घरांत रात्रीचा दर सुरू करायचा इशारा रेडिओवरून यायचा. बीबीसी रेडिओ 4च्या 198 किलोहर्ट्झ लाँगवेव्हमध्येच तो मिसळलेला असायचा. 30 जून 2025 पासून ती सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. तुमच्या मीटरशेजारी रेडिओ टेलिस्विच लिहिलेली वेगळी काळी पेटी असेल तर पुरवठादाराकडून स्मार्ट मीटर बसवून घ्या. नाहीतर हीटर भलत्याच वेळी भरेल किंवा भरणारच नाही. स्कॉटलंडमध्ये अशी घरं बरीच आहेत, तेव्हा ग्लासगो-अॅबरडीनकडच्या मंडळींनी आजच कपाट उघडून बघावं. आणि हीटर 1974च्या आधीचा वाटला तर त्याला स्वतः हात लावू नका, काहींमध्ये अॅस्बेस्टॉस असतो.

फ्लॅट बघायला गेलात की एजंटला तीन गोष्टी विचारा: हीटर कुठल्या वर्षीचे, रात्रीचे तास कुठले, आणि आधीच्या भाडेकरूचा पुरवठादार कोण. हीटर काढून साधे प्लगचे पॅनेल लावलेले असतील आणि मीटर मात्र इकॉनॉमी 7वरच राहिला असेल, तर राहायला गेल्याच्या आठवड्यातच एकेरी दर मागा. स्मार्ट मीटर असेल तर त्यासाठी सहसा मीटर बदलावा लागत नाही.